आत्यांबरोबर नदीपार

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. आमच्या वस्तीत पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे पोहायला शिकावं असं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी म्हणजे हंड्यातलं, पिंपातलं. माणूस बुडेल एवढं पाणी मी जवळून पाहिलं ते लग्नानंतर, सासूबाईंच्या माहेरी गेले तेव्हा. काष्टीच्या पुढं, भीमेच्या काठाला त्यांचं गाव. नदीला लागून जुनी तटबंदी आहे. बुरूज ढासळलेत, आत वेड्या बाभळी माजल्यात, पण नदीकडची भिंत अजून धड आहे. त्या भिंतीवर उभं राहून मी खाली बघितलं आणि नव्या नवरीनं चारचौघांत धरू नये तसा नवऱ्याचा दंड घट्ट धरला. सासूबाई मागेच होत्या. त्या हसल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे सुप्याला राहायला आल्या. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, नवरा दुसऱ्या कारखान्यात शिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. शेजार चांगला होता, घरात टीव्ही होता, तरी आत्यांना करमत नव्हतं. दिवसभर गॅलरीतून रस्त्यावरचे कंटेनर बघत बसायच्या. संध्याकाळी मी घरी आले की म्हणायच्या, "आज लई गाड्या गेल्या." बस, एवढंच.

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून बाहेर न्यायला लागले. ठरवून असं काही नव्हतं. कधी पारनेरच्या बाजूच्या डोंगरात, कधी माळावर, कधी एखादं पडकं देऊळ बघायला. चपला हातात घेऊन आत्या माझ्याआधी टेकडी चढायच्या. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही अशीच एक जुनी बारव बघायला गेलो. पायऱ्या खालपर्यंत उतरत गेलेल्या आणि तळाशी हिरवं, गार पाणी. मी चार पायऱ्या उतरून थांबले. आत्या थेट पाण्यापर्यंत गेल्या, हात बुडवला, तोंडावर फिरवला आणि वर बघून म्हणाल्या, "तुला पवाया येतं का गं?"

"नाही."

"अजिबात न्हाई?"

"आत्या, आमच्याकडं अंघोळीला पाणी नव्हतं, पोहायला कुठलं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पायऱ्या चढून वर आल्या. घरी येताना मागून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि वाऱ्यात ओरडून म्हणाल्या, "मी शिकवते तुला!"

माझ्याबरोबर कामाला असलेल्या एका मैत्रिणीची विहीर होती, सुप्यापासून जवळच. त्या वर्षी पाऊस बरा झाल्यानं ती चांगली भरलेली होती. मैत्रिणीनं आनंदानं परवानगी दिली. आत्यांनी तेलाचा रिकामा कॅन घेतला, झाकण घट्ट लावलं आणि जुन्या साडीच्या पट्टीनं माझ्या पाठीला बांधला. स्वतः साडीचा काष्टा मारला, काठावरून दोन पावलं मागं गेल्या आणि काही कळायच्या आत गुडघे पोटाशी घेऊन त्यांनी खाली मुटका मारला. पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. साठी ओलांडलेली, गुडघ्यांना रोज तेल चोळणारी बाई, आणि पाण्यातून वर आली तेव्हा चेहरा असा की मला ओळखूच येईना.

"ये," त्या म्हणाल्या.

मी काही गेले नाही. पहिल्या दिवशी मी शेवटच्या पायरीवर बसून नुसते पाय हलवले. दुसऱ्या रविवारी पायरीला धरून पाण्यात उतरले आणि हात सोडायला सांगितल्यावर रडायलाच लागले. मैत्रीण वर काठावर पोट धरून हसत होती. आत्या मात्र कधी हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या माझ्या पोटाखाली हात धरायच्या आणि एकच सांगायच्या, "पान्याला धरू नको. धराया गेलीस का ते सुटतंय. त्याच्यावर पड." तिसऱ्या का चौथ्या वेळी मी खरोखर त्याच्यावर पडले. कॅनमुळे असेल, पण तरंगले. कान पाण्यात, वर विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ, आणि काहीही ऐकू येत नाही. असं निवांत मी कितीतरी वर्षांत पडले नव्हते.

थंडी पडली तरी आम्ही जात राहिलो. कॅन गेला. मग मी विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धापा टाकत पोहोचायला लागले. पोहून झालं की काठावरच्या दगडांवर ऊन खात बसायचं, आणि तेव्हा आत्या बोलायच्या. घरी कधी न बोललेलं.

"आमचा घाट येगळा हुता," एकदा त्या म्हणाल्या. "गावाचा घाट वरल्या अंगाला. तिथं पानी उथळ. तिथं आमाला पाय ठिवू देत न्हवते. आमचं पानी खाली, त्या भिंतीच्या बुडाला. तिथं डोह हाय. हंडा भराया वाकलं की पाय घसरायचा. मंग माझी आजी म्हनायची, पोरीला आदी पवाया शिकवा, मंग पान्याला धाडा. आमच्या समद्या पोरींना पवाया यायचं."

"आणि गावातल्या पोरींना?"

"त्यांना कशाला येतंय? त्यांचं पानी गुडघ्याएवढं!"

हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडा तोराच होता. राग मला आला होता, आणि तो कुठं ठेवावा ते न कळून मी केस पिळत बसले.

आत्यांना पोहायला त्यांच्या थोरल्या बहिणीनं शिकवलं होतं. त्या तिला आक्का म्हणतात. आक्काला दिली ती नदीच्या पलीकडं, समोरच्याच गावात. तिकडं दौंड तालुका, पुणे जिल्हा लागतो. लग्नानंतर आक्का पलीकडच्या काठावर धुणं धुवायला यायची आणि अलीकडून आत्या तिला बघायच्या. हाका मारून भागेना तेव्हा आत्या सरळ पोहत जायच्या. आईनं दिलेली भाकरी फडक्यात बांधून डोक्यावर. "कदी भिजू दिली न्हाई," त्या म्हणाल्या. मग आत्यांचंही लग्न झालं आणि ते येणं-जाणं संपलं. आता पुलावरून वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस मोडतो. आक्काच्या गुडघ्यांनी दावा मांडलेला, ती घरातून अंगणात येते तेवढीच. सासरे वारले त्या वेळी तिला कुणीतरी गाडीत घालून आणली होती, त्यानंतर दोघींची भेट नाही.

होळी झाली आणि एका रात्री जेवताना आत्या म्हणाल्या, "मला आक्काकडं जायचंय."

"जाऊ की. मी गाडी काढतो," नवरा म्हणाला.

"गाडीनं न्हाई. नदीतनं. ही येनार हाय माझ्यासंगं."

हे मलाही तेव्हाच कळत होतं. नवऱ्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "आई, तुझं वय काय झालं?"

"तुला ठावं असंल तर मला सांग."

तो बराच वेळ वाद घालत होता. शेवटी त्याच्या अटी मान्य करून विषय मिटला. सोबत होडी पाहिजे, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब पाहिजे, आणि वारा असेल तर कुणी पाण्यात उतरायचं नाही. तो स्वतः कोरडे कपडे घेऊन पुलावरून गाडीनं पलीकडं येणार.

आम्ही सकाळी निघालो. काष्टीत चहा घेतला आणि ऊन वर यायच्या आत गावात पोहोचलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला नवऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याची होडी लहान, पत्र्याची. आत्यांना बघून तो म्हणाला, "म्हातारे, होडीत बस की. सोडतो पलीकडं."

"होडीत कोनबी बसतंय," आत्या म्हणाल्या.

तटबंदीच्या बुडाशी, जिथं त्यांचा घाट होता, तिथं आता घाट असा काही उरलेला नव्हता. चार दगड, शेवाळ आणि एक मोटर. आत्या एका दगडावर थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या पाय चाचपत पाण्यात शिरल्या आणि मी मागोमाग.

विहिरीत पाणी एका जागी असतं. नदीचं पाणी आपल्याला उचलून बाजूला ठेवतं. नदी वरून संथ दिसत होती, तरी मी नाकासमोर हात मारत होते आणि मागं बघावं तर तटबंदी हळूहळू भलतीकडंच सरकत होती. आत्या माझ्यापुढं, डोकं वर काढून, बाईनं रस्त्यानं चालावं तशा सावकाश पोहत होत्या. ट्यूब दोरीनं माझ्या कमरेला बांधलेली, ती मागून येत होती. "समोर बघू नको," त्या मला सांगत होत्या, "वरल्या अंगाला बघ. त्या चिचंकडं. मंग बराबर लागशील."

निम्म्याच्या पुढं आल्यावर जलपर्णीचा एक मोठा पट्टा वरून वाहत आला. आम्ही दोघी त्याच्या पुढून निसटलो, पण होडी त्यात अडकली. म्हातारा वल्ह्यानं ती हिरवी गादी ढकलत होता आणि शिव्या देत होता. त्याचा आवाज लांब लांब जाऊ लागला. तेवढ्यात आत्या थांबल्या. एकदम. त्यांचा चेहरा आवळला.

"काय झालं?"

"गोळा आला. पायात."

एरवी मी घाबरट बाई आहे. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. पण त्या वेळी भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मी कमरेची दोरी ओढून ट्यूब पुढं घेतली आणि त्यांच्याकडं ढकलली. ट्यूब धरताना त्यांचा हात सुटला, एकदा तोंडात पाणी गेलं, त्या खोकल्या. मी त्यांच्या पाठीखाली हात घातला. मग त्यांचंच वाक्य त्यांना सांगितलं, "आत्या, धरू नका. पडा त्याच्यावर."

त्या पडल्या. ट्यूबवर एक हात, डोळे मिटलेले, पांढरे केस पाण्यात पसरलेले. मी बाजूला पाय मारत राहिले. नदी आम्हाला दोघींना खाली घेऊन चालली होती आणि मी तिला घेऊन जाऊ देत होते. वर एक घार फिरत होती. थोड्या वेळानं आत्यांनी एक डोळा उघडला.

"गेला गोळा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "व्हय गं, मी लई जड हाय का?"

"नाही हो."

"खोटं बोलू नको पान्यात."

आम्ही दोघीही हसायला लागलो. हसताना पोहता येत नाही हे मला तेव्हा कळलं. शेवटी ट्यूबला दोन्हीकडून धरून, पाय मारत मारत काठाला लागलो. चिंच कुठल्या कुठं वर राहिली होती. आमच्यासमोर कुणाचा तरी ऊस होता. गुडघाभर चिखलातून आम्ही हातापायांवर वर चढलो आणि बांधावर आडव्या झालो. आता पलीकडच्या काठावरून मला ती तटबंदी दिसत होती. एवढीशी. होडी अजून निम्म्यातच होती. म्हाताऱ्यानं वल्हं वर करून हलवलं.

नवऱ्याचा पत्ता नव्हता. आमचे मोबाईल त्याच्याच गाडीत. मग आम्ही तशाच निघालो, ओल्या, अंगाला चिखल, आत्यांच्या केसात जलपर्णीचं पान. उसातून बाहेर पडल्यावर भेटलेल्या एका बाईनं घर दाखवलं आणि बराच वेळ वळून वळून बघत राहिली.

आक्का अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. तिला लांबचं नीट दिसत नाही. आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साडीचं पाणी खाली शेंगांवर गळत होतं. आक्कानं आधी ते पाणी बघितलं, मग वर बघितलं.

"पवत आलीस?"

"व्हय."

"येडी का खुळी! पूल बांधलाय ना सरकारनं?"

आणि मग तिनं आत्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं, आपल्या पदरानं त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागली, लहान पोरीचं पुसतात तसं. आत्या मान खाली घालून पुसून घेत होत्या. मी चुलीपाशी गेले. आक्काच्या सुनेनं मला आपला गाऊन दिला आणि चहा टाकला.

नवरा आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या, गाडी पुढं सरकेना, असं तो सांगत होता, पण त्याचं सगळं लक्ष आईकडं. त्याला बघून आत्या एवढंच म्हणाल्या, "हिला लई चांगलं येतंय आता." गोळ्याबद्दल त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. ते मी त्याला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

आत्या आक्काकडं राहिल्या. चार दिवस म्हणून राहिल्या त्या महिनाभर राहिल्या. आम्ही दोघं संध्याकाळी निघालो. पुलावर आल्यावर नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरला. मी पण उतरले. उन्हं कलली होती, पाण्यावर बगळे परतत होते.

"कुठून आलात तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी बोट दाखवलं, पण तिथून ती जागा दिसत नव्हती. नदी मध्येच वळते. आम्ही थोडा वेळ त्या वळणाकडंच बघत उभे राहिलो. मग मागून एका ट्रॉलीनं हॉर्न दिला आणि आम्ही गाडीत बसलो.