गाडीच्या दारावरची मधमाशी

आमच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर एक मधमाशी आहे, आणि तिच्या खाली लिहिलेलं बरंचसं खोटं होतं.

धंदा मात्र खरा होता. तो माझ्या बायकोचा, सुनंदाचा. मिरजगावजवळ आमच्या शेताच्या बांधावर तिच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. डाळिंबाला फुलं लागली, कांद्याचे गोंडे उमलले की शेतकरी या पेट्या भाड्यानं नेतात. माश्या फुलांवरून फिरतात, फळ चांगलं धरतं, बी भरतं. कुणाच्या वळचणीला पोळं बसलं तर सुनंदा ते न जाळता काढते आणि माश्यांना पेटीत घालून घरी आणते. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. उसानं भरलेली ट्रॉली अंगावर आली तरी मी हलत नाही. मधमाशी आली की हलतो. त्या बांधाकडे मी फिरकत नाही. पलीकडची वाट लांबची आहे, पण प्रकृतीला चांगली.

जाहिरातीची कल्पना माझी. सुनंदाचं म्हणणं, काम चांगलं असलं की लोक विचारत येतात. मी म्हणालो, कुणाला विचारायचं हे तरी त्यांना कळायला नको का? आपली गाडी रोज एवढ्या रस्त्यानं मुक्यानं जाते, ती जरा बोलू दे की. शेवटी ती तयार झाली. ‘मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने मिळतील’ एवढंच लिहा आणि खाली नंबर टाका, असं तिनं दोनदा बजावलं.

मी नगरला रेडियमवाल्याकडे गेलो. तो कलावंत माणूस निघाला. त्यानं माझं वाक्य ऐकलं, दाराकडे पाहिलं आणि हळहळत म्हणाला की एवढ्या मोठ्या दारावर एवढंसंच लिहिलं तर दार उघडं पडेल. दार उघडं पडणं मला बरं वाटेना. म्हणून मी ‘कोणतेही पोळे, कुठेही, केव्हाही काढून मिळेल’ हे जोडलं. मग त्यानं विचारलं, नाव काय टाकू? गाडी माझ्या नावावर आहे, त्यामुळे तोंडातून माझंच नाव गेलं. मी चहा पिऊन येईपर्यंत त्यानं अक्षरांचा तोल साधण्यासाठी नावापुढे ‘मधमाशी तज्ज्ञ’ असंही चिकटवून टाकलं होतं. आणि वर मधमाशी. कोंबडीएवढी! तिचे डोळे असे होते की गाडी उभी असली तरी ती आपल्याकडे येतेय असं वाटायचं. मी स्वतःच दार उघडताना जरा लांबून हात घालायचो.

सुनंदानं गाडीला एक चक्कर मारली. सगळं वाचलं. दोन्ही दारांवर वाचलं.

“माझं नाव कुठं हाय?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, मागच्या काचेवर जागा आहे अजून.

“बरं. आन् बोलावनं आलं तर पोळं काढाया कोन जानार?”

मी तिला समजावलं की जाहिरातीत थोडं चढवूनच लिहायचं असतं, ते कुणी मनावर घेत नाही. ती बांधाकडे निघून गेली. ती अशी निघून गेली की मला काळजी करायला हवी, हे मला अजून पुरतं समजलेलं नाही.

लोकांनी सगळं मनावर घेतलं. रेडियमच्या चार अक्षरांत एवढी ताकद असते हे मी त्या आठवड्यात पाहिलं आणि थक्क झालो. रस्त्यानं जाताना मोटारसायकलवाले शेजारी यायचे, तोच वेग धरून सगळं दार वाचायचे आणि मगच पुढे जायचे. एक गृहस्थ वाचायला हळू होते, तर त्यांचं वाचून होईपर्यंत मीच गाडी हळू चालवली. फोन तर विचारू नका. कुणाला मध हवा, कुणाला दुखऱ्या गुडघ्याला माशी चाववून हवी. एकानं दबक्या आवाजात विचारलं की पोळं काढता तसं शेजाऱ्याच्या घरी बसवूनही देता का. चहाच्या टपरीवर लोक मला मधमाश्यांबद्दल विचारू लागले आणि (लाज वाटते सांगायला) मी उत्तरं देऊ लागलो. सुनंदाचं जेवताना ऐकलेलं एखादं वाक्य मी दाढी कुरवाळत सांगायचो. समोरचे माना डोलवायचे. कारखान्यात इतकी वर्षं वजन करतो आहे, पण माझं स्वतःचं वजन असं कधी वाढलं नव्हतं.

अशात तिसगावचं लग्न आलं. सुनंदाच्या चुलतभावाची, भानुदासची मुलगी. सुनंदा हळदीसाठी आदल्या दिवशीच एसटीनं पुढे गेली होती. जाताना तिनं मला एक काम सांगितलं. वाटेत एका शेतकऱ्याकडे तिची रिकामी पेटी पडून होती, ती घेऊन यायची. पेटी रिकामी आहे याची त्या शेतकऱ्याला मी तीनतीनदा विचारून खात्री केली, त्याच्याकडूनच ती डिकीत ठेवून घेतली आणि निघालो. पेटीला मेणाचा आणि जुन्या मधाचा वास होता. छान वाटला मला तो वास. तो आणखी कुणाला छान वाटेल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

कार्यालयापाशी पोचलो. ऊन मी म्हणत होतं. लिंबाखाली गाडी लावली, डिकी आणि काचा जरा उघड्या ठेवल्या आणि सरबताकडे निघालो, तेवढ्यात भानुदास धावत आला. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेण्यासाठी फुलांनी सजवलेली गाडी आणली होती, ती ऐन वेळी सुरूच होईना. दुसरी पांढरी गाडी आमचीच. “दाजी, इज्जतीचा प्रश्न हाय,” तो म्हणाला. इज्जतीचा प्रश्न असल्यावर मी काय बोलणार? पोरांनी त्या गाडीवरच्या झेंडूच्या माळा काढून आमच्या गाडीवर चढवल्या. मधमाशीच्या गळ्यातही एक माळ आली. नवरदेव मागच्या सीटवर जाऊन बसला. मुंडावळ्या, फेटा आणि सगळ्या मांडवाला पुरेल एवढं अत्तर. त्याच्या शेजारच्या दारावर ‘कोणतेही पोळे, कुठेही, केव्हाही’. बँड वाजू लागला.

मी गाडीत बसायला निघालो आणि बँडमध्ये एक नवीनच सूर मिसळला. आधी वाटलं, क्लॅरिनेटवाला काहीतरी करतोय. मग सगळ्यांनी वर पाहिलं. लिंबाच्या वरून एक करडा ढग खाली येत होता. गोल फिरत, आत-बाहेर होत, जिवंत. हजारो माश्या एका अंगानं वळत होत्या. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. पळायचं सोडून तोंड उघडं टाकून पाहतच राहिलो (तोंड मिटावं हे जरा उशिरानं सुचलं). तो ढग गाडीवर उतरला, नवरदेवाच्या बाजूच्या दारावर, माळांवर, आरशावर. बघता बघता तिथं फणसाएवढा घोस लोंबू लागला. नवरदेवानं आतून भराभर काचा वर केल्या. डिकी तेवढी उघडीच होती.

बँड थांबला. सगळं वऱ्हाड थांबलं. मग एकेक जण दार वाचू लागला, आणि वाचून झालं की माझ्याकडे पाहू लागला.

नवरदेवाचे आजोबा पुढे आले. मोठा भगवा फेटा, हातात काठी. त्यांनी काठीनं दाखवत माझं नाव मोठ्यानं वाचलं, शांतपणे मला विचारलं, “तुमीच का ते?” आणि मुहूर्त जवळ आलाय, नातू आत उकडतोय, तेव्हा तुमचं काम चालू करा, असं सांगितलं.

मी म्हणालो, कुणीही हलू नका. हे वाक्य मला का सुचलं ते सांगता येणार नाही, पण ते सगळ्यांनी ऐकलं. मीही हललो नाही. मला हलताच येत नव्हतं. माझ्या मागून कुणीतरी कौतुकानं कुजबुजलं की बघा, जाणकार माणूस घाई करत नाही.

आणि मग गर्दीतून सुनंदा आली. भरजरी शालू, नथ, मनगटभर हिरवा चुडा. तिनं घोसाकडे पाहिलं, आणि माहेरचं माणूस अचानक दारात दिसावं तसा तिचा चेहरा फुलला. डिकीतून तिनं पेटी काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली.

“सातेरी हाय, पेटीत राहनारी जात. पोट भरून आल्यात, चावनार न्हाईत. पेटी घट्ट धरा, आन् हात हलवू नका.”

मी पेटी घोसाखाली धरली. डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी जास्त भीती वाटत होती. आणि त्यामुळेच मला ते दिसलं. सुनंदानं पदर डोक्यावरून घेऊन खोचला, बांगड्या वर सारल्या आणि उघडा हात त्या घोसात घातला. सावकाश, परातीतलं पीठ गोळा करावं तसा. ओंजळभर माश्या उचलून तिनं पेटीत सोडल्या. तिच्या बोटांवर, चुड्यावर, कोपरापर्यंत माश्या चालत होत्या. ती त्यांच्याशी काहीतरी हळू बोलत होती. दुसरी ओंजळ, तिसरी. मग तिनं पेटी माझ्या हातून घेऊन खाली ठेवली आणि म्हणाली, राणी आत गेली.

पुढचं मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दारावर उरलेल्या माश्या एकामागून एक खाली उतरल्या आणि पेटीच्या तोंडाकडे चालत निघाल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या! तोंडाशी काही माश्या शेपट्या वर करून पंखांनी वारा घालत इतरांना वाट दाखवत होत्या. रांगच्या रांग आत जात होती. काचेला नाक लावून नवरदेव बघत होता. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली होती. मी या बाईबरोबर इतकी वर्षं संसार केला, तिच्या हातचं खाल्लं, पण ती बांधावर जाऊन नेमकं काय करते हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नवरदेव उतरला. घामानं भिजलेला, पण एकही माशी न चावलेला. मुहूर्त गाठला. अक्षता पडल्या. भानुदासची इज्जत राहिली.

जेवणाच्या पंगतीत आजोबा मला शोधत आले आणि शेजारी बसले. मी घाईघाईनं सांगितलं की सगळं काम हिनं केलं, मी फक्त पेटी धरली होती. ते हसले. काम त्यांनी केलं ते दिसलंच, म्हणाले, पण पेटी धरताना तुमचे ओठ हलत होते, तो मंत्र कुठला? त्यांच्याही वाड्याला पोळं बसलंय, त्यांना तो मंत्र हवा होता.

मी त्यांना सांगितलं की तो मंत्र तुमच्या उपयोगाचा नाही, बाबा. त्यात फक्त ‘सुनंदा, लवकर कर’ एवढंच आहे.