मुनीरसरांनी दिलेले दुसरे बटण

मुनीरसरांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच सुरू झाली असती, पण त्यांनी मला भांडूच दिले नाही. अमरावतीहून निघणाऱ्या आमच्या शेती पाक्षिकाचे संकेतस्थळ पावसाळा लागला की कोलमडायचे. सगळे शेतकरी एकाच वेळी फवारणीचा सल्ला उघडायचे आणि हिवरखेडच्या वाचकाच्या मोबाइलवर नुसते चक्र फिरत बसायचे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाने मला नवे काहीतरी विकले होते, त्यामुळे संपादक म्हणून माझी जीभ तिखट झालेली होती. अकोल्याच्या महाविद्यालयात संगणक शिकवणारे, मूळचे बार्शीटाकळीचे मुनीरसर आले आणि माझ्याशी न बोलता सरळ आमच्या सुधाकरभाऊंशेजारी जाऊन बसले. भाऊ मजकूर कसा भरतात, हे ते दुपारभर पाहत राहिले.

मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं पाहुणा आला का दरवेळी नवी चूल पेटून राहिली. आपण ताटं आधीच वाढून ठेवू."

त्यांनी लिहिण्याची जागा आणि वाचण्याची जागा वेगळी केली. सुधाकरभाऊंसाठी मजकूर भरण्याचे साधे दालन, ज्याला जाणकार हेडलेस सीएमएस म्हणतात. पलीकडे स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजे त्या मजकुरातून सगळी पाने आधीच तयार करून ठेवणारे यंत्र. दोघांना जोडणारी एक तार. भाऊंनी 'प्रकाशित करा' दाबले की तारेवरून निरोप जातो आणि पाने नव्याने तयार होतात. हिवरखेडला पान झटकन उघडू लागले. माझ्याजवळ तक्रार करायला काही उरले नाही, याचे मला थोडे वाईटही वाटले.

पण सर खरे कळले ते एका सकाळी. संत्र्यावरच्या फवारणीच्या सल्ल्यात शंभर लिटर पाण्याऐवजी दहा लिटर पडले आणि पान प्रकाशित झाले. मोर्शीच्या वंदनाताई वर्गणी भरायला कार्यालयात आल्या होत्या. त्यांनीच ते पाहिले आणि त्या यजमानांना फोनवर फोन लावू लागल्या. त्यांच्या बागेत त्याच दिवशी फवारणी होती.

"फोन उचलत नाहीत का?" मी विचारले.

"फोन विहिरीच्या मोटारीच्या खोलीत ठेवून बागेत असते ते. दवा मिसळाले आले का पयले तुमचंच पान पाहते. तेवढंच पाहते."

म्हणजे पान दुरुस्त होणे हाच एक उपाय होता. दहापट औषधाने अख्खा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचे त्या हंगामाचे पीक, जळाला असता. सुधाकरभाऊंनी आकडा दुरुस्त केला, बटण दाबले. पान बदलेना. पुन्हा दाबले. पुन्हा. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून लिहिलेले वाया जाऊ नये यासाठी दर ओळीला बटण दाबायची भाऊंच्या हाताला जुनीच सवय; त्यात आता घाबरलेले. मी अकोल्याला सरांना फोन लावला आणि नको तेवढ्या आवाजात बोलले.

सर शांतपणे म्हणाले, "भाऊंले सांगा, हात काढा. चहा घ्या. प्रत्येक नव्या निरोपानं मशीन हातचं काम टाकून पयल्यापासून सुरू करून राहिली. तिले एकदा पुरं करू द्या."

भाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. चहा कोणीच घेतला नाही. पान बदलले. त्यानंतर बऱ्याच वेळाने वंदनाताईंचा फोन वाजला. पलीकडून त्यांचे यजमान विचारत होते, "शंभर लिटरलेच ना? इतके फोन काहून केले?" ताई रडल्या, आणि मलाही राहवले नाही.

दुसऱ्या दिवशी सर अमरावतीला आले तेव्हा मी भाऊंना फैलावर घेत होते. सरांनी मला थांबवले. "लाइट जाते म्हून त्याइच्या हाताले ही सवय लागली. हाताले काहून रागावता? आपण बटन बदलू." आता भाऊ हवे तितक्या वेळा दाबू शकतात, निरोप थोडा वेळ थांबून एकत्र होतात आणि एकदाच जातात. शिवाय छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, दोघांनी वाचायची आमची जुनी रीत सरांनी त्या दालनात आणली. औषधाच्या प्रमाणाचे कोणतेही पान दुसऱ्या वाचकाने बटण दाबल्याशिवाय बाहेर पडत नाही. तो दुसरा वाचक कोण, हे ठरवताना त्यांनी मला विचारलेसुद्धा नाही. वंदनाताईंना निवडून त्यांनी मोर्शीला जाऊन ते दुसरे बटण शिकवले.

सर सदैव असे वागत आले आहेत. यंत्राची चूक ते माणसाच्या माथी मारत नाहीत आणि केलेल्या कामाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवत नाहीत.

गेल्या आठवड्यात भाऊ रजेवर होते, म्हणून आमच्या कार्यालयात आलेल्या सरांनी स्वतःच एक सल्ला घाईने भरला. ताईंनी तो अडवला. सरांनी फोन करून गळ घातली, तर ताई म्हणाल्या, "सर, तुमी साठीचे झाले म्हून पान सोडू काय? पाण्याचं माप कुठं हाय?" सरांनी निमूटपणे माप भरले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी यापूर्वी पाहिले नव्हते.

साठी गाठलेल्या मुनीरसरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्याशिवायही चालेल असे सारे त्यांनी करून ठेवले आहे. तरीही ते आम्हाला हवे आहेत.