काचेच्या केबिनमधले पाइप

केडगावच्या पशुखाद्य कारखान्यात दाऊदचाचा शेख डिस्पॅचला होते. कुठल्या टेम्पोत किती गोण्या चढवायच्या, कुठला टेम्पो आधी सोडायचा, हे सगळं त्यांच्या आवाजावर चालायचं. आवाज असा की फाटकावरून हाक मारली तर गोदामातला हमाल हातातली विडी टाकून उभा राहायचा. नव्या माणसाला वाटे, म्हातारा भारी कडक आहे. थोडे दिवस गेले की त्याच्या लक्षात येई, चाचा ओरडतात ते गोण्यांसाठी. माणसाला ते चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

मूळचे ते डिस्पॅचचे नव्हतेच. ते फिटर. कारखाना उभा राहिला तेव्हा बॉयलरपासून मळीच्या टाकीपर्यंतची सगळी पाइपलाइन त्यांनी घातलेली. आटे पाडायचे, सांधा गळू नये म्हणून सफेदा लावायचा, सूत गुंडाळायचं आणि वळणावरचा एल्बो असा आवळायचा की पुन्हा तिकडे बघायला नको. पुढे एकदा टाकीवर काम करताना शिडी सरकली, चाचा खाली आले आणि उजवा खांदा गेला. हाड बसलं, पण हात डोक्याच्या वर जाईना. मॅनेजरसाहेबांनी त्यांना डिस्पॅचला आणलं. पगार तोच, काम हलकं. लोक म्हणाले, "सुटलात, चाचा." चाचा म्हणाले, "व्हय बाबा, सुटलो." घरी सकीनाचाचींना मात्र ठाऊक होतं की पान्ह्यांची पेटी अजून पलंगाखाली आहे आणि शुक्रवारची नमाज झाली की ती उघडून एकेका पान्ह्यावर तेलाचा हात फिरतो.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत कारखान्यात सर्व्हर आला. गावोगावच्या दुकानदारांच्या ऑर्डरी त्यात भरायच्या आणि सकाळी त्यातून वाटपाचा रिपोर्ट काढायचा. तो कागद हातात आल्याशिवाय एकही गोणी फाटकाबाहेर जायची नाही. सर्व्हरसाठी हॉलच्या कोपऱ्यात काचेची केबिन केली, एसी बसवला, दाराशी चपला काढायची पाटी लावली. हे सगळं सांभाळायला विजयमाला भिंगारदिवे नावाची मुलगी आली. नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, बोलायला मोकळी. तिचं टेबल बाहेर हॉलमध्ये होतं. रिपोर्ट ती तिथूनच सोडायची. खरं काम आत केबिनमधला सर्व्हर करायचा.

चाचांना आधी त्या यंत्राचा धाक वाटला. पण संक्रांतीच्या सुमारास विजयमालानं त्यांना आत बोलावलं. "चाचा, तुमच्यासाठी एक गंमत लावलीय. पाच-दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप सुरू होते. बघा."

काळ्या पडद्यावर एक पाइप उगवला. सरळ गेला, कोपऱ्यात वळला, वर चढला. मग दुसरा, लाल रंगाचा, त्याच्या मागून आला. बघता बघता सगळा पडदा पाइपांनी भरला, पुसला गेला आणि पुन्हा पहिल्यापासून काम सुरू.

चाचा खुर्चीच्या कडेवर टेकले ते उठेनातच. "हा एल्बो बघ, बेटा. झकास बसलाय. पण हितं युनियन न्हाई टाकला यानं. उद्या खोलायची पाळी आली तर काय करनार?"

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत चाचा डबा उरकून, चपला दाराशी काढून केबिनमध्ये जाऊन बसत. कुणी काही विचारलं तर म्हणत, "एसीत बसतोय. तुमच्या पोटात का दुखतं?"

उन्हाळा लागला. चारा संपत आला तशी पशुखाद्याची मागणी वाढली आणि त्याच सुमारास रिपोर्ट रखडायला लागला. आधी चहा संपेपर्यंत हातात येणारा कागद, आता टेम्पोवाले झोप काढून उठले तरी यायचा नाही. ऑर्डरी वाढल्या म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं. विजयमाला उठून केबिनमध्ये जाई, माउस हलवून सर्व्हर बघे, तर काम सुरळीत चाललेलं. बाहेर येऊन बसली की थोड्या वेळात पुन्हा रडगाणं. पुण्याहून इंजिनिअर आला. तो सर्व्हरसमोर बसला तोवर रिपोर्ट सटासट निघाले. बिचाऱ्यानं तरीही मेमरी वाढवून दिली, केबल बदलली, पेंडेची धूळ झाडून काढली. तो गेला आणि दुसऱ्याच सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

"माणूस बघितला की नीट वागतंय," विजयमाला रडकुंडीला येऊन म्हणाली. "चाचा, मला वाटतं मलाच काही येत नाही."

चाचांना तिच्यावर ओरडायचं होतं. सकाळपासून टेम्पो उभे होते, मिरजगावचा टेम्पोवाला मच्छिंद्र हॉर्न वाजवून जीव खात होता. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "तुला येतंय सगळं. यंत्रच नाठाळ हाय. मी बसतो हितंच, कागद घिऊनच जातो."

"मग आत गारव्यात बसा. निघाला की हाक मारते."

चाचा आत गेले. पाइप चालूच होते. विजयमालाच्या पडद्यावर किती ऑर्डरी गोळा झाल्या त्याचा आकडा मुंगीच्या चालीनं सरकत होता. तेवढ्यात बाहेर मच्छिंद्रनं पुन्हा हॉर्न दिला. चाचा वैतागून वळले आणि त्यांची बाही माउसला लागली. पाइप गेले.

बाहेर आकडा एकदम पळायला लागला. विजयमाला बघतच राहिली. पण पाच-दहा मिनिटांत आकडा पुन्हा मंदावला. तिनं काचेतून आत पाहिलं. चाचा पुन्हा पुढे झुकून पाइप बघत होते.

ती धावत दाराशी आली. "चाचा, माउस हलवा!"

"का गं? आत्ता कुठं सुरू झालंय."

"हलवा ना!"

चाचांनी हलवला. ती मागे पळाली, आकडा बघितला, पुन्हा दाराशी आली. "आता हात लावू नका. पाइप येऊ द्या." पाच-दहा मिनिटांनी पाइप आले आणि आकडा रांगायला लागला. तिनं कपाळावर हात मारला. "अहो चाचा, हे पाइपच! ते काढण्यात सर्व्हरचं सगळं डोकं खर्ची पडतंय. रिपोर्टाला काही उरतच नाही. ऑर्डरी थोड्या होत्या तोवर निभावलं. आणि मी आत आले की आधी माउस हलवते, म्हणून मला कधी दिसलंच नाही!"

चाचांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग ते उठले. पडद्याकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"बंद कर मग."

"मीच लावले होते हो, तुमच्यासाठी."

"माज्यासाठी मच्छिंद्र उन्हात उभा हाय, बेटा. कर बंद."

तिनं बंद केले. प्रिंटर करकरायला लागला. चाचांनी कागद फाडून घेतला आणि फाटकावर जाऊन असा आवाज दिला की टेम्पोवाल्यांना आज काहीतरी वेगळं घडलंय हे कळलं. संध्याकाळी विजयमालानं पुण्याला फोन लावला. इंजिनिअर इतका हसला की शेवटी तीही हसायला लागली. मॅनेजरसाहेबांना तिनं सगळं खरंखरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, सापडलं एकदाचं," आणि कामाला लागले.

त्या दुपारी सवयीनं चाचा केबिनच्या दारापर्यंत गेले होते. चपला काढल्या, आतला काळा पडदा पाहिला आणि पुन्हा पायात घातल्या. ते विजयमालानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिनं त्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. तिच्या मशीनवर पाइप चालू होते.

चाचा दचकले. "रिपोर्ट?"

"तो तिकडे सर्व्हरवर. माझ्या मशीनचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुट्टीत हे रिकामंच असतं." तिनं खुर्ची पुढे केली. चाचा बसले खरे, पण बराच वेळ त्यांचा एक डोळा प्रिंटरकडेच होता.

त्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा सगळ्यांची घरची माणसं कारखान्यात आली. सकीनाचाचीही आल्या. रोज संध्याकाळी घरी पाइपांचं वर्णन ऐकून त्यांचे कान किटले होते. बॉयलरकडे बायकामाणसांना कधी कुणी जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे नवऱ्याचं काम त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलेलं नव्हतं. चाचांनी त्यांना विजयमालाच्या टेबलापाशी नेलं आणि बोट दाखवून समजावायला लागले. हा एल्बो, हा टी, इथं सूत गुंडाळायचं, इथं जपून आवळायचं. सकीनाचाची आधी हसल्या. मग पदर सावरून त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट बसल्या.

"हा निळा कुठं चाल्ला वो?" त्यांनी विचारलं.

"थांब, वळंल आता. बघत राहा," चाचा म्हणाले.

बाहेर पंगत बसत होती. विजयमाला त्यांना बोलवायला आली होती, पण दारातूनच मागे फिरली आणि दोघांची ताटं तिथंच घेऊन आली.