सही झालेलं कोटेशन

माझ्या मोठ्या दिरांना आमच्या घरातली पोरं त्यांच्या माघारी टेपकाका म्हणतात. एक वेळ त्यांच्या शर्टाला पेन नसेल, पण पँटच्या खिशात मोजायची टेप असणारच. शिवाय एक काचेची गोटी. कोणी नवं घर बघायला बोलावलं, की बाकीचे लोक हॉल बघतात, खिडकीतून काय दिसतं ते बघतात. भाऊजी सरळ बाथरूममध्ये जातात आणि गोटी फरशीवर सोडतात. ती पाणी जायच्या जाळीकडे गेली तर बाहेर येऊन यजमानांचं कौतुक करतात. दाराकडे आली तर गप्प बसून चहा पितात, आणि त्यांचं ते गप्प बसणं यजमानांना महिनाभर पुरतं.

नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. बांधकामाच्या एका कंपनीत ते एस्टिमेटर होते. नकाशा बघायचा आणि सांगायचं, विटा किती, सिमेंट किती, माणसं किती, खर्च किती. स्वतः कधी वीट रचली नाही. जाऊबाई म्हणतात, "घरात खिळा ठोकायचा असला तर मी ठोकते. हे फक्त सांगतात, किती लांबीचा हवा."

निवृत्त झाल्यावर ही सगळी विद्या नातेवाइकांच्या वाट्याला आली. कोणाच्याही घराचं काम निघालं, की कंत्राटदाराचं कोटेशन आधी भाऊजींकडे जायचं. तसा नियम कोणी केला नव्हता, पण त्यांना न दाखवता काम सुरू करणं म्हणजे घरच्यांना न कळवता लग्न उरकून येण्यासारखं होतं. अलीकडे मात्र कोटेशनं यायची कमी झाली होती. लोक फोनवर भाव बघतात, तयार स्वयंपाकघरं आणून बसवतात. भाऊजींना फ्लॅटच्या किमतींपेक्षा हे जास्त महाग पडलं असावं, पण ते कधी बोलले नाहीत.

आमच्या लेकीने आणि जावयाने यंदा फ्लॅट घेतला. नवा झेपण्यासारखा नव्हता, म्हणून रीसेलचा. उजेड छान, शेजार बरा, पण आधीच्या मालकांनी घराला जीव लावलेला दिसत नव्हता. बाथरूमच्या छताला पिवळे डाग, ओट्याला तडा, बाल्कनी पत्रे ठोकून बंद केलेली, आणि हॉलमधलं बटण दाबलं की बेडरूममधला पंखा फिरायचा. जावयाच्या ऑफिसातल्या कोणीतरी एक कंत्राटदार सुचवला. तो येऊन बघून गेला, त्याने कोटेशन पाठवलं. दोघांनी बसून वाचलं, थोडी घासाघीस केली, सही केली, आगाऊ पैसे दिले. मला हे कळलं ते त्यानंतर, फोनवर.

"काकांना दाखवलंस ना?" मी विचारलं.



"आई, काका म्हणजे दोन महिने," ती म्हणाली. "ते आधी ओळन् ओळ वाचणार, मग दुकानं फिरणार, मग त्या माणसाला समोर बसवून त्याची तोंडी परीक्षा घेणार. तोवर आम्ही इथलं भाडं भरायचं आणि तिथला हप्ताही. तू भरतेस का?"

तिचं काही चुकत नव्हतं. पण मला भाऊजींचा चेहरा दिसायला लागला. सख्ख्या पुतणीचं घर, आणि त्यांना कळणार कोणा तिऱ्हाइताकडून. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुमचा भाऊ आहे, तुम्ही सांगा. "तूच सांग. तुझं तो ऐकून घेतो," असं म्हणून हे पेपरात शिरले.

माझा स्वभाव काळजीचा. कोणी रुसेल अशी शंका आली, की तो रुसायच्या आतच मी समजूत काढायला निघते. त्यातून मला सुचलं ते असं: कोटेशनची प्रत काढायची, सहीचं शेवटचं पान तेवढं वगळायचं, आणि भाऊजींना नेऊन द्यायची. ते वाचतील, चार शेरे मारतील, त्यांचा मान राहील, आणि लेकीचं कामही अडणार नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, ते कोणी जाणत्याने वाचावं असं मलाही मनातून वाटत होतं. सही होऊन गेली होती तरी, पोरांना कोणी टोपी तर घालत नाही ना, एवढं कळलं असतं. लेक म्हणाली, "दे हवं तर. पण मला त्यात ओढू नकोस."

भाऊजींनी कागद दोन्ही हातांनी घेतले. चष्मा बदलला. पानं उलटून म्हणाले, "शेवटचं पान नाही यात. अटी तिथेच असतात."

"राहिलं वाटतं छापायचं."

"असू दे. मग दे."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फोन. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट ओट्यावर. "उंची किती धरलीय त्याने, बघितलंस? तुझी लेक चांगली उंच आहे. मग ही उंची कोणाच्या मापाची, कंत्राटदाराच्या बायकोच्या?" मी हसायची, लिहून घेतल्यासारखं करायची. मग त्यांना फ्लॅट बघायचा होता. एव्हाना तिथे तोडफोड सुरू झाली होती.

"चावी जावयाकडे आहे भाऊजी, तो कामासाठी बाहेर गेलाय."

दोन दिवसांनी पुन्हा विचारणा. मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे.

"पाय चालू आहेत माझे."

"जिन्यात रंगाचं काम निघालंय. कशाला उगाच कपडे खराब करता?"

"बरं," ते म्हणाले. "मग बिल्डरचा मूळ नकाशा मिळतोय का बघ. त्यावरून काढतो मापं."

आणि मी तो मिळवून दिला. एवढी धडपड मी खरं सांगण्यासाठी केली असती तर सगळं एका दुपारी मिटलं असतं.

मग एकदा जाऊबाईंचा फोन. "काय गं, ह्यांना तू काय खायला घातलंस?"

"का हो ताई?"

"रोज दाढी करतात. मधे तर आठवड्यातून एकदा, तीही मी ओरडल्यावर. काल फरशीच्या दुकानात जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट मागितला. मी म्हटलं, फरशी बघायला चाललात की मुलगी?"

मीही हसले. फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. निदान ताईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी त्या नवऱ्याची अशी चेष्टा करत होत्या, त्यांचा आवाज मोकळा वाटत होता, आणि मला वाटलं, आणखी दोन दिवस राहू दे हे असंच. हा विचार मला तेव्हा चांगुलपणाचा वाटला होता.

त्याच आठवड्यात मी भाऊजींना रस्त्यात पाहिलं. भर उन्हात बसस्टॉपवर उभे होते. हातात कापडी पिशवी, त्यात फरशीचे नमुने असणार, कारण वजनाने ते एका बाजूला झुकले होते. पिशवी खाली ठेवायला जागा नव्हती असं नाही; तुकड्यांचे कोपरे उडतील म्हणून ठेवत नसावेत. मी समोरच्या फुटपाथवर होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरले आणि बस येऊन जाईपर्यंत नको असलेल्या गोळ्यांचे भाव विचारत राहिले.

रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. "लेकीलाही घेऊन ये. घर तिचं आहे." लेक यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, मान हलव आणि उठ.

जेवणाच्या टेबलावर कागद, नकाशा आणि नमुने मांडलेले होते. कोटेशनच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे. जाऊबाईंनी चहा ठेवला तोही एका कोपऱ्यात, परवानगी घेऊन.

"पहिली गोष्ट," भाऊजी म्हणाले. "माणूस लबाड नाही. रंगाचा भाव जरा चढा लावलाय, पण वायरिंगचा रास्त आहे, आणि सामानाच्या कंपन्या नावानिशी दिल्यात. लबाड माणूस 'उत्तम प्रतीचं' एवढंच लिहितो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम हलकं वाटलं.

"पण घाईतला आहे. हे बघ, तोडफोड आणि राडारोडा उचलणं, सगळ्याचा मिळून एकच आकडा, लमसम. लमसम म्हणजे काय? तर विचारू नका. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, एवढंच लिहिलंय. जुना थर खरवडून काढणार, की त्याच्यावरच नवा चढवणार? वरच चढवला तर तुमच्या खालच्या मजल्यावरचे लोक वर्षभरात वर येतील, आणि ते चहाला येणार नाहीत."

"तुम्ही पण ना," जाऊबाई म्हणाल्या. "पोरगी घाबरेल."

"घाबरायला काय झालंय? अजून काहीच बिघडलेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "माझं मत असं, की याला काम देऊ नका. माझ्या माहितीतला एक मिस्त्री आहे. आमच्या कंपनीत होता, आता स्वतःची कामं घेतो. मी त्याला सगळं समजावून सांगितलंय. भाव थोडा कमीच होईल. त्याच्याकडे दुसरं एक काम आलं होतं, मी म्हटलं, माझ्या पुतणीचं घर आहे, तर त्याने ते सोडलं. पुढच्या सोमवारपासून माणसं घेऊन येतो म्हणाला."

भाऊजी हसतमुखाने लेकीकडे बघत होते. तिला आनंद झाला असेल अशी त्यांची कल्पना. लेकीचे कान लाल झाले होते. ती "काका..." एवढंच म्हणाली आणि थांबली. तिला त्यात ओढणार नाही असं मी कबूल केलं होतं.

"भाऊजी, काम सुरू झालंय," मी म्हटलं.

"कुठलं काम?"

"फ्लॅटचं. याच कंत्राटदाराने केलंय. मी तुम्हाला कागद दिले त्याच्या आधीच सही झाली होती. पोरांना घाई होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी..." पुढचं वाक्य काही केल्या जुळेना.

जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. अनोळखी बाईने दार वाजवलं तर बघावं तसं.

भाऊजींनी चष्मा पुन्हा लावला, कोटेशनचं पहिलं पान बघितलं, काढला, पुसला. मग फोन उचलला. तो मिस्त्री लगेच बोलायला लागला असावा, कारण भाऊजी थोडा वेळ नुसतं ऐकत होते.

"अरे, ऐक. सोमवारचं रद्द कर," ते म्हणाले. "नाही, तसं काही नाही. माझंच चुकलं. पोरांनी दुसऱ्याला शब्द दिला होता, त्यांनी मला सांगितलंही होतं, माझ्याच डोक्यातून गेलं. वय झालं बाबा. ते दुसरं काम अजून मिळतंय का बघ, मी स्वतः फोन करतो त्यांना हवं तर... हो. माझीच चूक."

आकड्यात एका विटेचा फरक चालवून न घेणारा माणूस आमच्यासमोर आमच्यासाठी खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःला विसरभोळा ठरवून. मला मध्येच म्हणता आलं असतं की फोन माझ्याकडे द्या. मी तसं म्हटलं नाही.

फोन ठेवून ते लेकीकडे वळले. "बाथरूमची फरशी उखडली?"

"हो काका."

"खालचा थर काढला का, बघितलंस?"

"नाही बघितलं. मला माहीतच नव्हतं बघायचं असतं ते."

"उद्या तुम्हीच येऊन बघा ना भाऊजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लाडीक वाटला.

"नको गं," ते म्हणाले. "काम सुरू झाल्यावर बाहेरच्या माणसाने मध्ये बोलू नये. कारागीर गोंधळतो."

त्यात टोमणा नव्हता. हा त्यांच्या धंद्यातला नियम आहे, मी तो त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकला होता. परतताना लेक गाडीत रडली आणि म्हणाली, "मी सरळ सांगितलं असतं तर ते चार दिवस रुसले असते, बस."

दुसऱ्या दिवशी तिने कंत्राटदाराला विचारलं. त्याने जुना थर काढला होता, पार तळापर्यंत, आणि त्याचे फोटोही काढून ठेवले होते. म्हणजे लेकीने माणूस बरा निवडला होता. ते ऐकून मला आधी सुटल्यासारखं झालं, आणि मग त्या सुटल्यासारखं होण्याचीच लाज वाटली. भाऊजींना हे कळवावं की नाही? कळवलं तर, तुमची शंका फुकट होती, असं सांगितल्यासारखं होईल. नाही कळवलं तर ते खालच्या मजल्यावरच्या लोकांची काळजी करत बसतील. ते करत बसतील, हे मला माहीत आहे. आमच्या घरात काळजी करणारी मी एकटी नाही.

शेवटी फोटो घेऊन मी गेले. या वेळी एकटी, आणि काही न जुळवता. भाऊजींची दाढी वाढली होती. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिले, एकेक.

"चांगलं काम केलंय," ते म्हणाले. "लिहायला आळशी आहे, पण हात चांगला आहे. त्याचा नंबर देऊन ठेव मला. कोणी विचारलं तर सांगता येईल."

मी नंबर दिला. जाऊबाई आतच होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी माफीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "एक विचारू? मी त्याचं कोटेशन तपासत होतो, हे त्याला कळलंय का?"

"नाही."

"मग सांगू नका," भाऊजी म्हणाले. "काम करणाऱ्या माणसाला उगाच वाटतं, पाठीमागे काही चाललं होतं. वाईट वाटतं त्याला."