झेंडूचा हार आणि सायकलची चेन

शेजारच्या सुमनवहिनींनी आपल्या नवऱ्याचा, म्हणजे गॅरेजवाल्या नानांचा, चेहरा एका फळीवर घडवला आहे. तो पाहायला मी साखर मागायच्या निमित्तानं तीनदा जाऊन आलो. भुवया नारळाच्या शेंडीच्या, गाल पिंपळाच्या जाळीदार पानांचे, जबडा सायकलच्या चेनचा. डोळ्यांच्या जागी बेअरिंगं, बोट लावलं की फिरतात. रागावलेले नाना अगदी तसेच बघतात. तो चेहरा पाहताना वाटतं, माणूस थोडा उगवलेला असतो आणि थोडा जुळवलेला.

वहिनींना मात्र एकच रुखरुख होती. "सगळी गल्ली बघून गेली, पण हे चकार शब्द बोलले नाहीत."

खंडेनवमीला नानांनी पान्हे, जॅक, कॉम्प्रेसर पुसून पुजले. मग घरात येऊन झेंडूचा सगळ्यात मोठा हार त्यांनी थेट त्या चेहऱ्याला घातला.

वहिनी हादरल्या. "अहो, जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालतात का?"

"तसबिरीला कुठं घातलाय? मशिनला घातलाय," नाना म्हणाले. "झकास मशिन आहे."

हार काढायला वर गेलेला वहिनींचा हात तसाच थांबला. मग त्यांनी कुंकू आणलं. कुंकवाचं बोट एका डोळ्याला टेकताच ते बेअरिंग गर्रकन फिरलं, आणि नाना चक्क लाजले.