आऊट-टाइम null

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे, त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते माझ्याच कॉम्प्युटरवर, भरदुपारी...

साल २००६ च्या आसपासचं. भिवंडीजवळ अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये माझी नोकरी; तिथलं हजेरीचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. माणूस आला की नाव आणि इन-टाइम भरायचा. तो बाहेर पडेपर्यंत आऊट-टाइम null. null म्हणजे शून्य नव्हे — 'अजून माहीत नाही'. म्हणून आऊट-टाइम null असेल तर माणूस आत आहे असं धरायचं.

वज्रेश्वरीकडचा लखमा नावाचा आदिवासी हमाल गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. आमच्या सुपरवायझरने, त्याला सगळे तात्या म्हणत, मला केबिनमध्ये बोलावून लखमाच्या त्या दिवसाच्या ओळीतलं नाव आणि इन-टाइम null करायला लावलं. तो कामावर आलाच नव्हता, असं दाखवायचं होतं. मी केलं. शेपूट घातलं, दुसरं काय.

आठवड्याने लखमाची बायको सोमी सरकारी कामगार अधिकाऱ्याला घेऊन आली. नवरा इथेच कामावर मेला, एवढं तिला कागदावर हवं होतं. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तात्याला पक्कं ठाऊक. तो हसला.

"बघा साहेब, हिलाच त्याचा नाव म्हायती न्हाय."

सोमीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लखमा," ती म्हणाली. "लखमा नाव हाय त्याचा. आज घेतलाय मी. आता तो तुला भाईर जाऊ देनार न्हाय."

साहेबांनी मला त्या दिवसाची यादी काढायला सांगितली. रिकाम्या ओळीत नाव होतं... लखमा, इन-टाइम ९.१०. मी ते परत भरलं नव्हतं. बॅकअपही घेतलेला नव्हता. मी प्रिंट साहेबांच्या हातात दिली तेव्हा तात्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला आनंद झाला. का लपवू?

त्या दिवसापासून तात्याचा आऊट-टाइम सेव्हच होईना. बाकी सगळ्यांचा व्हायचा, त्याचा तेवढा null. कशेळीला घरी पोचला तरी स्क्रीनवर तो आतच. "मना घरात पन गोडाऊनमंदी कोंडल्यासारखा वाटतं," असं मला एकदा म्हणाला. पुढे नोकरी सोडली, तरी यादीत आतच.

मी कोड दहा वेळा तपासला. कारण तेव्हा सापडलं नाही, आजही माहीत नाही. आणि सापडलं असतं ना... तरी मी दुरुस्त केलं नसतं.