बावीस वर्षं उभी

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," कापडदुकानातली आक्का नेहमी म्हणायची. ती पोटुशी असताना मालकाने तिचं स्टूल काढून घेतलं, तेव्हापासून बावीस वर्षं ती गिऱ्हाइकांपुढे उभीच होती. मग दुकानात राबणाऱ्यांना बसायला जागा द्यायचा कायदा आला. तपासणीच्या सकाळी मालकाने घाईने नवी खुर्ची मांडली.

"बसा आक्का, रोजच्यासारख्या!" तपासनीस साहेबांसमोर तो गोड हसला.

नोकरी जाईल हे ठाऊक असूनही आक्का हलली नाही. "साहेब, खुर्चीचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आणि मालक, मी पोटुशी होते तेव्हा कुठं होता हो हा गोडवा?"

साहेबांनी दंडाची पावती फाडली. आक्का नोकरी मागे टाकून सुजल्या पायांनी सावकाश उन्हात चालू लागली.